झाडलेला काठ

कापलेल्या लव्हाळ्याच्या थोटकावर एक थेंब होता — छेद डावीकडे उतरता, म्हणजे कोयता डाव्या हाताचा. छेदातला पांढरा गर अजून तपकिरी पडलेला नाही, म्हणजे काम आज पहाटेचे, फार तर काल सांजेचे. आणि तो थेंब वरून पडलेल्या दवाचा की मुळांनी तळ्यातून ओढून वर पाठवलेल्या पाण्याचा, हे मात्र नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नव्हते. कबाहेंडा त्याच्यासमोर उकिडवी बसून राहिली. थोटूक एकच नव्हते. ओहळ जिथे तळ्याला मिळतो त्याच्या थोडे अलीकडे, काठाकाठाने, चटई अंथरावी तेवढ्या रुंदीची पट्टी मोकळी झाली होती, आणि — हे तिच्या जरा उशिरा लक्षात आले — मोकळी होऊन झाडलीही गेली होती. चिखलावर खराट्याचे फराटे होते, अर्धवर्तुळाकार, एकात एक गुंतलेले... चिखल कोण झाडते?

कोण, ते तिला ठाऊक होते. गावात डाव्या हाताने कोयता चालवणारी बाई एकच, आणि तिचे घर इथेच वर, केळींच्या आड होते. बसेमेरा. धाकट्या भावाची बायको. कातुरामूला जाऊन दोन पावसाळे झाले होते, तरी कबाहेंडाच्या मनात ती अजून 'कातुरामूची बायको'च होती. दुसरा शब्द होता, पण तो वापरायला लागले की भावाबद्दलची एक गोष्ट कायमची मान्य केल्यासारखी होई. तिने वर पाहिले. दार लावलेले होते. आज सकाळी गावाची सभा होती, उद्या श्रमदान. या काठावरची लव्हाळी राहणार की जाणार हे आज ठरायचे होते, आणि बसेमेराने स्वतःपुरते ते आधीच ठरवून टाकले होते.

फराट्यांकडे पाहताना तिला आईची पाठ दिसली — पहाटेच्या करड्या उजेडात वाकलेली, खराटा डावीकडून उजवीकडे, आणि आई एकेक पाऊल मागे सरकत चाललेली, कारण पुढे सरकत झाडले तर झाडलेल्या मातीवर आपलेच ठसे उमटतात. अंगणात गवताचे एक पाते दिसले तरी आई ते नखाने उपटी. दारात गवत म्हणजे तीनपैकी एक गोष्ट, ती म्हणायची: घरात साप आहे, घरात आळशी सून आहे, नाहीतर घरात कोणी मेलंय. या मुलखात स्वच्छ म्हणजे उघडी, लाल, झाडलेली माती. आणि ज्या गावाला आपल्या तळ्याचा अभिमान, त्याने तळ्याचा काठही तसाच राखला. दर हंगामात श्रमदान निघे. पुरुष लव्हाळी बुडापासून कापत, बायका काठ झाडत, आणि कितुरागाचे तळे त्या विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात नुकती दाढी केलेल्या नवरदेवासारखे लख्ख बसे. मग पाऊस येई. केळीच्या बागांतली माती, गोठ्यांतले शेण, शौचखड्ड्यांच्या कडेचे जे काय असेल ते, त्या गुळगुळीत उतारावरून कुठेही न अडखळता पाण्यात जाई, आणि पाणी हिरवे होई. पाणी हिरवे झाले की गाव म्हणे, काठ नीट झाडला गेला नाही. की पुन्हा श्रमदान. रोगालाच औषध समजून त्याची मात्रा वाढवत न्यायची — इतकी निर्दोष रचलेली चूक तिने प्रयोगशाळेत जन्म घालवूनही पाहिली नव्हती.

निदान ती चूक आहे असे तिला वाटत होते. वाटणे आणि ठाऊक असणे यांत अंतर असते, आणि कंपालातल्या पाणी-तपासणीच्या कामात तिची सगळी नोकरी त्या अंतराची राखण करण्यात गेली होती. वरच्या खोल्यांतले साहेब अहवाल मागत आणि त्यात 'होय' किंवा 'नाही' शोधत. तिच्या अहवालांत ते क्वचितच सापडे. तिथे तिला 'कदाचितबाई' म्हणत, पाठीमागे आणि पुढे पुढे तोंडावरही. तिला त्याचा राग आला नव्हता. खरे सांगायचे तर... खरे सांगायचे तर मला ते नाव आवडायचं. इतर मुलींना फुलांची नावं देतात, मला एका अव्ययाचं मिळालं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

निवृत्त होऊन ती गावी आली त्याच पावसाळ्यात कातुरामू तापाने गेला. पोटातला ताप, डॉक्टर म्हणाला, पाण्यातून येतो. कुठल्या पाण्यातून, ते कोण सांगणार — त्याने तळ्याचे प्याले होते तसे लग्नघरातले प्याले होते, बाजारातले प्याले होते. लव्हाळ्यांनी असा ताप थांबत नाही, हे कबाहेंडाला पक्के ठाऊक होते. ताप थांबतो पाणी उकळण्याने. तरीही दुखवटा सरल्यावर ती तळ्याच्या समितीपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, दोन वर्षे काठ कापू नका, पाहू या काय होते. समितीने मान्य केले, एका शिकल्यासवरल्या बहिणीच्या दुःखाला मान म्हणून. तिने ते शास्त्राला मान म्हणून स्वीकारले. या गैरसमजावर दोन वर्षे लव्हाळी वाढली.

आणि पाणी निवळले. हे तिने मोजले होते: पातेल्याचे झाकण, चार भागांत आलटून पालटून काळे-पांढरे रंगवलेले, दोराला बांधून होडक्यातून खाली सोडायचे आणि डोळ्यांना दिसेनासे होईल तिथे दोर धरायचा, दोरावर सारख्या अंतराने चिंध्या. ती आली तेव्हा झाकण दुसऱ्या चिंधीआधीच बुडून नाहीसे होई. आता चौथीच्याही पलीकडे दिसे. पण त्याच दोन वर्षांत गावाने शेळ्यांचे पाणी पिण्याचे ठिकाण वरच्या झऱ्यावर हलवले होते. आणि दोन्ही पावसाळे हलके गेले होते. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या तर श्रेय कुणाला द्यायचे? नव्याने कामाला लागलेल्या पोरांना ती हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारत असे, आणि जो उत्तर देई त्याच्यावर बारीक नजर ठेवत असे.

ती उठली. गुडघ्यात कट्ट आवाज झाला. थोटकावरचा थेंब तसाच होता.

सभा चर्चच्या मागच्या जुन्या झाडाखाली भरली. केळीच्या पानांवर बायका बसल्या होत्या, पुरुषांसाठी बाक. अध्यक्ष रुह्वेझा — म्हणजे सगळ्यांचा आराली. इकडे प्रत्येकाला जन्मनावाबरोबर एक मानाचे नाव मिळते. सगळ्या मुलखात मिळून अशी नावे डझनभरच, त्यामुळे गावात आराली पुष्कळ, कबाहेंडा धरून अकीकीही पुष्कळ, पण हाक मारायची ती त्याच नावाने. भांडतानासुद्धा, विशेषतः भांडताना. आराली जन्मभर मालट्रक चालवून आता गुडघे चोळत बसलेला माणूस होता. त्याने तक्रारी मांडायला सांगितले आणि तक्रारी निघाल्या. लव्हाळ्यांत साप होतात. डास होतात. पाणी भरायला उतरावे तर पाय कुठे पडतो ते दिसत नाही. पलीकडच्या टेकडीवरचे लोक बाजारात विचारतात, तुमचं तळं म्हातारं झालं वाटतं, दाढी वाढलीय. यावर सगळे हसले, तक्रार करणाराही. एक कोळी म्हणाला, बारीक मासे दाढीतच लपतात, ती राहू द्या. त्याला कोणीतरी सांगितले की मग तुझ्या दारात लाव.

कबाहेंडा ऐकत होती आणि मनात उत्तरे जुळवत होती — सापांचे, डासांचे, बाजारातल्या टोमण्याचे सुद्धा. प्रत्येक आक्षेपाला तिच्याकडे जागा होती. मग बायकांतून बसेमेरा उठली.

"कबाहेंडा," ती म्हणाली.

नुसते जन्मनाव. सरकारी कागदावर असते तसे. बाकावर कोणीतरी खोकत होता, तो खोकायचा थांबला.

"माझ्या दारासमोर दोन पावसाळे गवत उभं आहे. ज्या घरात माणूस गेलेलं असतं त्याचं अंगण झाडत नाहीत, ते तुलाही माहितीये. ठरलेले दिवस झाले की झाडतात, आणि बाई पुन्हा चूल पेटवते. मी रोज दार उघडते आणि पुढ्यात न झाडलेलं पाहते. तुझ्या भावाला दुखवट्यातून उठू दे की. मला उठू दे. किती दिवस बसवणार आहेस?"

ती बसली. रडली नाही, नीट, वस्त्राची कड सारखी करून बसली.

...ही नोंद माझ्याकडे नाही. शेळ्या आहेत, पाऊस आहे, ओहळाचा गाळ आहे, सूर्याची तिरीप आहे — दारातून काय दिसतं हे कुठेच नाही. कबाहेंडाच्या डोळ्यांसमोर ती पट्टी आली, ते चिखलावरचे फराटे, आणि तिला एकाएकी कळले की ते फराटे वरून खाली आलेले नव्हते. ते पाण्यापासून दाराकडे गेले होते. कोणीतरी मागे मागे सरकत घराकडे झाडत गेले होते, स्वतःची पावले पुसत, काठ नव्हे, अंगण झाडावे तसे. आपण पहाटेच्या त्या खुणा इतक्या बारकाईने वाचल्या — हात कुठला, वेळ कुठली — आणि ही एक दिशा तेवढी वाचली नाही.

आराली घसा साफ करत होता. बायकांच्या बाजूचे असे बोलणे त्याला पेलत नसे. त्याने घाईने विषय पाण्यावर आणला. "अकीकी, मला इंजिन उघडून दाखवू नकोस. ब्रेक लागतो की नाही, तेवढं सांग. गवत कापलं तर पाणी बिघडेल? हो की नाही?"

एक शब्द. तो तिच्या जिभेवर तयार होता — तो किती तयार होता हे पाहून तीच चकित झाली. 'हो' म्हटले की काठ वाचत होता, सगळा, आजच. कातुरामू गेल्यापासून या गावात पाण्याच्या नावाने कोणीही घाबरत असे, बसेमेरा तर सगळ्यांत आधी. ती निमूट कोयता आत ठेवेल, आणि खराटाही. 'ताप' हा शब्द उच्चारायचीही गरज नव्हती, नुसते 'हो' म्हणून जरासे तिच्याकडे पाहिले तरी पुरे होते... आणि कदाचित ते खरेही असेल. कदाचित खरे असलेले वाक्य खरे म्हणून सांगण्यात कितीसे खोटे? पण तिला हवे होते. याच क्षणी, याच बाकासमोर, तिला ते उत्तर हवे होते, तहान लागावी तसे. आणि त्या हवेपणाची तिला धास्ती वाटली.

"माहीत नाही, आराली," ती म्हणाली. "पाणी निवळलंय हे खरं. गवताने निवळलं, शेळ्या हलवल्या म्हणून निवळलं, की पाऊस कमी म्हणून, ते मला सांगता येत नाही. मला वाटतं गवताने. वाटतं."

मागून कोणीतरी म्हणाले, दोन वर्षं झाकण बुडवून बुडवून हेच? हशा झाला, फार कडवट नाही. आरालीने विचारले, मग सभा बोलावली कशाला. तिला वाटले, संपले. लव्हाळी उद्या दुपारपर्यंत काठावर आडवी पडलेली असतील. आणि तिला वाईट वाटत होते ते स्वच्छ, हलके वाईट होते, त्यात लाज मिसळलेली नव्हती.

पण बायकांतली सगळ्यांत वयस्कर अब्वोली, जी एव्हाना पेंगते आहे असा सगळ्यांचा समज होता, ती म्हणाली, "कापा की. पण उद्या चिखलात उतरणार कोण ते आधी सांगा. जाळायचं नाही असं ठरलंय, मग तो भारा वर चढवणार कोण? आराली, तुझा गुडघा चढवणार?"

आरालीने गुडघ्यावरचा हात काढून घेतला. पुरुषांनी उताराकडे पाहिले. चढ उभा होता, कालपर्यंत होता तेवढाच, पण आता तो सगळ्यांना नव्याने दिसला. थोड्याच वेळात ठराव झाला: सामाईक काठ आणखी एक वर्ष तसाच राहू द्यावा; दोन वर्षे राहिला, अजून एकाने काय बिघडते. ज्याच्या दारासमोर लव्हाळी असतील त्याने स्वतःपुरते ठरवावे. दोन वर्षांच्या मोजमापाला जमले नसते ते चढणीने केले, आणि कबाहेंडाला हसू आवरेना. तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. मग तिला त्या ठरावातली दुसरी ओळ नीट ऐकू आली. दारासमोर लव्हाळी असलेले घर गावात एकच होते. आणि ओहळ — वरच्या सगळ्या बागांचे, गोठ्यांचे पाणी घेऊन येणारा ओहळ — तिथेच उतरत होता. बाकीचा काठ राहिला काय आणि गेला काय, तळ्याच्या दृष्टीने थोडा फरक. ती एक जागा मात्र... म्हणजे कदाचित.

ती थेट होडक्याकडे गेली. आज झाकण सोडायचा दिवस होता आणि ऊन अजून डोक्यावर होते. दोर हातात घेतल्यावर तिला ते सुचले, आणि तिने दोर पुन्हा खाली ठेवला. झाकण कुठे दिसेनासे झाले हे कोण ठरवते? डोळा. कोणाचा? सभेत तिला उत्तर इतके हवे होते तर होडक्यात बसल्यावर ते हवेपण काठावर ठेवून येत होती काय? नाहीसे होण्याच्या सीमेवर झाकण क्षणभर असते आणि नसते. त्या क्षणी हवे असणारा डोळा ते अजून थोडे ठेवतो. अर्धी चिंधी. एक चिंधी. दर वेळी. ती दुसऱ्या चिंधीपासून चौथीपर्यंत आली होती खरी, पण पाणी आले होते की मी आले होते?

बसेमेरा दारात उभी होती. कोयता नव्हता; हातात काहीच नव्हते, आणि त्यामुळे ती उगीच उभी राहिल्यासारखी दिसत होती. कबाहेंडा कापलेल्या पट्टीच्या बाजूने, फराट्यांवर पाय न देता, वर गेली.

"होडक्यात चल," ती म्हणाली. "झाकण मी सोडते. कुठे दिसेनासं होतं ते तू सांग."

"मी कशाला?"

"माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास उरला नाही."

"आणि माझ्यावर आहे?"

"नाही. म्हणून तर. मला पाणी चांगलं निघायला हवंय. तुला वाईट. तू पाहिलंस तर..."

बसेमेराने तिच्याकडे असे पाहिले की वाक्य पुरे झाले नाही. मग ती हसली, दोन वर्षांत पहिल्यांदा, पण त्यात गोडवा काही नव्हता. "मला पाणी वाईट निघायला हवंय? वेड लागलंय का तुला? मी पिते काय मग? दारातलं गवत मला नको आहे, पाणी नको असं कधी म्हटलं?"

तिने हाक मारली नाही. जन्मनावाने नाही आणि मानाच्या नावानेही नाही. नुसती चपला काढून पुढे झाली.

होडके काठापासून सुटले. तळ्याच्या मधोमध गेल्यावर आवाज बदलतो, सगळी टेकडी पाण्याभोवती ओंजळीसारखी होते आणि बायकांचे बोलणे, शेळीचे ओरडणे एकाच अंतरावरून येते. सावलीच्या बाजूला झुकायचे, कबाहेंडाने सांगितले, चकाकीत नाही. श्वास पाण्यावर सोडायचा नाही. नाहीसे झाले असे वाटले की 'थांब' म्हणायचे, आधी नाही, नंतर नाही. बसेमेराने डाव्या हाताने होडक्याची कड धरली आणि वाकली. वाकल्यावर तिच्या मानेचा मणका दिसला. किती वाळली आहे ही, कबाहेंडाच्या मनात आले. आणि मग आले की हेही आपण आज पाहिले.

तिने झाकण सोडले आणि डोळे मिटले.

ठरवून नव्हे; पण मिटले तर चेहऱ्यावरून काही कळणार नाही, हात नकळत हळू होणार नाही, हे तिला मिटल्यावर सुचले. दोर बोटांतून सरकत होता, ओला, गार. चिंधी गेली. चिंधी... तिने मोजायचे सोडून दिले. बोटांनी ते परस्पर मोजले असते, म्हणून तिने दोर नुसत्या तळहातावर घेतला. पुढे काय होणार ते तिला माहीत नव्हते. आकडा कमी आला तर दोन वर्षे तिच्या डोळ्यांनी लिहिलेली होती. जास्त आला तरी शेळ्या होत्याच, पाऊस होताच. बसेमेरा उद्या कोयता घेऊन ती पट्टी ओहळाच्या तोंडापर्यंत नेईल की तेवढीच ठेवेल, हे बसेमेराला तरी ठाऊक आहे की नाही कोण जाणे. दारापुढे थोडी झाडलेली जागा आणि तिच्यापुढे उभे गवत, दोन्ही मिळून एका बाईला पुरते की नाही, हे मोजायचे झाकण कुणी केलेले नाही.

आशा हे मोजमापातल्या चुकीचे एक कारण आहे, असे ती शिकवत आली होती. चुकीची दिशा माहीत असते, म्हणून ती वजा करता येते. आता ती छातीत होती, स्पष्ट, बऱ्यापैकी मोठी, आणि ती फक्त पाण्याबद्दलची नव्हती. वजा करायला घ्यावी तर कशातून वजा करायची तेच कळेना.

"अजून दिसतंय," बसेमेरा म्हणाली, अगदी हळू, पाण्याला धक्का लागेल असे. आणि मग बराच वेळ काहीच म्हणाली नाही.

एवढी वर्षे कबाहेंडा प्रश्नापाशी होती किंवा उत्तरापाशी. या दोहोंमधला वेळ तिने नेहमी दुसरे काहीतरी करत काढला होता, भांडी विसळत, लेबले लिहीत. आता ती त्या वेळात बसली होती, होडक्यात बसावे तशी, दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांवर भार टाकून, आणि तो वेळ डगमगत होता आणि बुडत नव्हता, आणि दोर खाली जात होता.